मिस्टर माजी सैनिक, ॲडमिट करायचंय, पोरं कुठे ठेवू?

सातारची_सून: हे हवालदार म्हणून रिटायर झाले, आता रात्र रात्र जागे असतात, बारीकशा आवाजाला दचकतात, ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) हॉस्पिटलला रेफर केलंय. मी सोबत गेले तर पोरं (८ आणि ११) कुणाकडे? सासूबाई थकल्यात.

माजी_सुभेदार: ताई, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वसतिगृहं आहेत पण ती शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनची, पंधरा दिवसांसाठी पोरं सांभाळायची सोय आपल्याकडे नाहीच, खरं तर हवी. तरी कल्याण संघटकांना भेटा.

पुणेकर_७७: टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६ लावा, २४ तास असतं, मराठीत बोलतात. पुण्यात एएफएमसीला (सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज) फौजींसाठी टेलिमानसचा वेगळा सेलपण आहे, २०२३ पासून.

सातारची_सून: लावते आजच. पोरांचं बहिणीला विचारते, ती कराडला असते.