‘डिस्ट्रो’ला मराठीत काय म्हणावे : आवृत्ती, वाण की वितरण?

प्रश्न (तासगाव) : शाळेच्या संगणक कक्षात लावण्यासाठी लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या निरनिराळ्या प्रकारांचा, म्हणजे ‘डिस्ट्रों’चा (डिस्ट्रिब्यूशन), तक्ता मराठीत करावयाचा आहे. ‘डेबियन ही लिनक्सची आवृत्ती’, ‘उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती’ आणि ‘उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती’ अशी वाक्ये मराठी लिखाणात शेजारीशेजारी आढळतात, आणि आवृत्तीचीही आवृत्ती कशी असते, असे मुले विचारतात. आमच्याकडील बहुतेक मुले द्राक्षबागायतदारांच्या घरची असल्यामुळे ‘वाण’ हा शब्द त्यांना चटकन उमगेल असे वाटते. तो चालेल काय, की ‘वितरण’च ठेवावा?

उत्तर (मिरज) : सर, ‘आवृत्ती’ येथे निश्चितच नको. ग्रंथाची दुसरी आवृत्ती पहिलीनंतर येते आणि सहसा तिची जागा घेते. म्हणजे या शब्दात कालक्रम गृहीत आहे. उबुंटू २२.०४ आणि २४.०४ या खऱ्या आवृत्त्या होत, कारण त्या आकड्यांत प्रकाशनाचे वर्ष व महिनाच नोंदलेला असतो. डेबियन आणि उबुंटू यांचे नाते मात्र तसे नाही. डेबियन १९९३ मध्ये सुरू झाले, २००४ मध्ये त्याच्या आधारावर उबुंटू उभे राहिले, आणि आज दोन्ही आपापल्या वाटेने चालू आहेत. आर्च लिनक्स तर सतत अद्ययावत होत राहते आणि त्याला आवृत्तीक्रमांकच नसतो; त्याला आवृत्ती म्हणणे मुळीच जुळत नाही.

‘वाण’ शब्दाचा मोह मलाही पडतो. तास-ए-गणेश हा आपल्या तासगाव भागात थॉमसन सीडलेसमधून निवडलेला वाण आहे, हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला मूळ आणि त्यापासून निघालेले यांतील नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. परंतु वाण एकदा निवडला की तो कलमाने पुढे जातो, मूळ वेलाकडे त्याला परत जावे लागत नाही. उबुंटू मात्र दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती सिद्ध करताना डेबियनच्या भांडारातून पॅकेजे (बसविण्यास तयार प्रोग्रॅमचे गठ्ठे) पुन्हा घेत असते. म्हणून वर्गात बोलताना ‘वाण’ जरूर वापरावा, तक्त्याच्या मथळ्यात नको.

तेथे ‘वितरण’ योग्य, कारण त्यातून नेमके काम कळते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केला तो केवळ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. त्याच्याभोवती ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील साधने, पॅकेज व्यवस्थापक, इन्स्टॉलर आणि डेस्कटॉप (पडद्यावरील खिडक्या व चिन्हांची मांडणी) जमवून, ते एकमेकांशी जुळतात याची चाचणी घेऊन, पुढील दुरुस्त्यांची जबाबदारी पत्करून जो सगळा संच लोकांच्या हाती देतो, तो वितरणकर्ता.

आता वर्गीकरणासाठी ‘कुळ’ हा शब्द घ्यावा, पण कुळ बाह्यरूपावरून ठरवू नये. नोम किंवा केडीई हे डेस्कटॉप कोणत्याही कुळातील वितरणावर बसविता येतात. पॅकेजच्या स्वरूपावरूनही फसगत होते : ओपनसुसे हे वितरण आरपीएम हे पॅकेजचे स्वरूप वापरते आणि आरपीएमचा उगम रेड हॅट या दुसऱ्या वितरणात आहे, तरीही ओपनसुसेचे मूळ असलेल्या सुसेची सुरुवात स्लॅकवेअर या तिसऱ्याच वितरणाच्या आधारावर झाली होती. त्यापेक्षा प्रत्येक संगणकावर ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘ओएस-रिलीज’ ही फाइल मुलांना उघडू द्यावी. तिच्यातील ‘आयडी लाइक’ या ओळीत वितरण स्वतःच आपले कुळ सांगते. उबुंटूत तेथे ‘डेबियन’ असते, लिनक्स मिंटमध्ये ‘उबुंटू डेबियन’ असे बाप आणि आजा दोन्ही असतात, आणि ओपनसुसेत रेड हॅटचे नावही नसते.

शंका (सांगली) : ‘वितरण’ हे क्रियेचे नाव आहे. बक्षीस वितरण, वीज वितरण असे आपण म्हणतो. वाटलेल्या वस्तूला वितरण म्हणत नाही.

उत्तर (मिरज) : आक्षेप रास्त आहे. उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत मागणीनुसार टपालाने मोफत पाठविल्या जात. त्याविषयी ‘उबुंटूचे वितरण टपालाने होई’ असे लिहिले, तर तेथे क्रियाच अभिप्रेत असते. असा संदिग्ध प्रसंग येईल तेथे ‘वितरणसंच’ लिहावे. तक्त्यात संदर्भ स्पष्ट असल्याने ‘वितरण’ पुरेल.

प्रश्न (तासगाव) : मग कुबुंटू आणि झुबुंटू यांना वेगळी वितरणे मानावीत काय? आणि मुलांच्या घरच्या मोबाइलमधील अँड्रॉइडचे काय?

उत्तर (मिरज) : कुबुंटू आणि झुबुंटू उबुंटूच्याच भांडारावर चालतात, केवळ डेस्कटॉप बदलतो, त्यांना उबुंटूची ‘रूपे’ म्हणावे आणि उबुंटूच्याच चौकटीत लिहावे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलेले बॉस लिनक्स मात्र स्वतंत्र वितरण म्हणून डेबियन कुळात घ्यावे. अँड्रॉइडमध्ये कर्नल लिनक्सचा असला तरी वरची सर्व रचना निराळी आहे आणि वरीलपैकी कोणत्याही कुळाचे पॅकेज त्यावर थेट बसत नाही. त्यामुळे त्याला कुळांच्या रकान्यांत न बसविता कर्नलच्या चौकटीतून थेट निघणारी एक वेगळी रेघ द्यावी.