हार्नेस घातला, पण खाली जागा किती?

उंचीवर काम करताना पडलो तर धरून ठेवायला कमरेचा पट्टा पुरे की फुल बॉडी हार्नेस (खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पट्ट्यांचा सेट), यावर बराच काथ्याकूट झालाय. हार्नेसच, पट्ट्यात सगळा झटका पोट आणि मणक्यावर येतो. पण खाली मोकळी जागा किती लागते, याचा हिशेब कुणी मांडलाच नाही.

हूक अडकवला तिथून खाली मोजा: लॅनयार्ड (हूकपासून हार्नेसपर्यंतची पट्टी) २ मीटर, शॉक अब्सॉर्बर (झटका झेलताना उसवत जाणारी घडीची पट्टी) उसवून १.७५, पाठीच्या डी-रिंगपासून (लॅनयार्ड जोडायची कडी) पायापर्यंत दीड, शिवाय १ मीटर राखीव. झाले सव्वासहा. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर पायापाशी हूक लावणारा गडी झटका बसायच्या आधीच जमिनीवर असतो! तिथे डोक्यावर पक्क्या बीमला रिट्रॅक्टेबल (आपोआप गुंडाळणारी, झटका बसताच अडकणारी दोरी) लावा, नाहीतर आखूड लॅनयार्ड. गाठी मारून आखूड करू नका, गाठीशी पट्टी कमजोर होते. केबल ट्रे किंवा पाण्याच्या पाइपला हूक नकोच.

दोन हूकांच्या लॅनयार्डमध्ये रिकामा हूक कमरेच्या रिंगला अडकवायची सवय फार वाईट. अब्सॉर्बरला बगल मिळते, तो उघडतच नाही. त्यासाठी खास पार्किंग लूप असतो.

मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ नको. एकदा झटका खाल्लेला सेट कापून भंगारात टाका, नाहीतर स्टोअरमधून तोच परत येतो.