टाइमझोन वेगळे, टीम एक : तुमचे अनुभव सांगा

टिळकवाडी : बेळगावात बसून परदेशातल्या टीमबरोबर काम करणारे आता गल्लोगल्ली झालेत, म्हणून विचारतोय. माझी टीम बेळगाव, पुणे आणि कॅलिफोर्नियात. कॅलिफोर्नियावाले उन्हाळ्यात साडेबारा तास मागं, थंडीत साडेतेरा, म्हणजे कुणाची तरी झोप मोडणारच, पण दर वेळी आपलीच का? आम्ही महिना वाटून घेतलाय, दोन आठवडे आम्ही रात्री साडेनऊला बसतो, दोन आठवडे ते त्यांच्या रात्री नऊला. मागितल्याशिवाय हे कोण देत नाही बघा. तुमच्याकडं कसं चालतं?

उद्यमबाग : आमचं कास्टिंगचं, म्हणजे धातू ओतून सुटे भाग करायचं काम, गिऱ्हाईक जर्मनीत आणि अमेरिकेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं पुढं जातात, युरोपची शेवटच्या रविवारी, मधल्या दोन-तीन आठवड्यांत तिघांच्या कॉलचा बट्ट्याबोळ होतोय. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून आता भारतीय वेळच पक्की धरायला लावलीय. आणि ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेलं छिद्र, कुठं आहे हे लांबलचक ईमेलनं कळत नाही हो, टॉर्च मारून, शेजारी स्केल धरून, हीट नंबर (धातूच्या त्या घाण्याचा नंबर) दिसेल असा छोटा व्हिडिओ काढायचा. आम्ही संध्याकाळी पाठवतो तेव्हा जर्मनीत दुपार असते, शिफ्ट सुटायच्या आत उत्तर येतं.

खानापूर : मी घरून काम करते. पावसाळ्यात लाईट गेली की नेटवर्कपण जातं, रात्रीच्या कॉलचा भरवसा नाही. म्हणून संध्याकाळी सहा वाजता हँडओव्हर लिहूनच उठते, काय झालं, कुठं अडलं, कुठली फाईल, कुणाला विचारायचं. तिकडची मुलगी तेवढं वाचून काम पुढं नेते, कॉलची गरजच पडत नाही.

शहापूर : सुट्ट्यांचं पण बोला की. पुण्याच्या लोकांना शिवजयंतीची सुट्टी १९ फेब्रुवारीला, आपल्या बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात, तीही रात्रभर, आणि १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी फक्त आपल्याला. टीमच्या कॅलेंडरवर गावागावाच्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच टाकायच्या, मिरवणुकीच्या रात्री रिलीज ठेवायचंच नाही.

निपाणी : माझ्याकडची पोरं निम्मी मराठी, निम्मी कन्नड, आपसात दोन्ही भाषांत भरपूर बोलतात, पण कॉलवर इंग्रजी सुरू झालं की गप्प, आणि तिकडच्यांना वाटतं सगळं मान्य आहे. हुशार पोरं आहेत, जीव तुटतो. म्हणून मी प्रश्न आदल्या दिवशी मागवून घेतो, प्रत्येकजण आपलं मत लिहून टाकतो, कॉलमध्ये तेच स्क्रीनवर लावतो. परवा एका नव्या पोरीच्या दोन ओळींवरून अख्खं डिझाईन बदललं.