वेप सापडला म्हणून सातवीतल्या पोराच्या हातात दाखला?

भूगोलाच्या बाई
काल पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. सातवीतल्या मुलाच्या दप्तरात वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट, सापडला, तर लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं: प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं करा, त्याच दिवशी दाखला हातात द्या, नासका आंबा आढीत ठेवत नाहीत. खाली अंगठ्यांची रांग. मी शिक्षिका आहे, गप्प बसवेना.

सातवीतल्या पोराला काढता येत नाही. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 16 : आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढायचं नाही. कलम 17 : मारायचं नाही, मानसिक छळ करायचा नाही. प्रार्थनेला उभं करणं हा छळच आहे. आणि शाळा यातून वाट कशी काढतात तेही आपल्याला ठाऊक आहे. आईबापाला केबिनमध्ये बसवून ‘स्वखुशीने दाखला मिळावा’ असा अर्ज लिहून घेतात. पोरगं दुसऱ्या शाळेत जातं, वेप खिशात तसाच.

मी हातात घेऊन पाहिलेला वेप हायलायटरएवढा होता. निळा, खाली मोबाइलच्या चार्जरचं भोक. राख नाही, काडी नाही, वास आंब्याचा. वर 5% छापलेलं. म्हणजे एका मिलीलिटरला 50 मिलीग्रॅम निकोटिन. एका सिगरेटमधून अंगात जातं साधारण एक-दीड मिलीग्रॅम. सॉल्ट निकोटिन, म्हणजे आम्ल मिसळून सौम्य केलेलं निकोटिन, असेल तर घशाला टोचतही नाही, म्हणून पोरांना ठसकासुद्धा लागत नाही. मग तिसऱ्या तासाला चुळबुळ, चिडचिड, लक्ष नाही. आपण म्हणतो पोरगं उद्धट झालं. त्याला तलफ आलेली असते. अशा पोराला मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवायचं की रस्त्यावर सोडायचं?

दोन लेकरांची आई
बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे वाचून डोकं फिरलं. माझा लेक सहावीत. रिक्षात मागच्या सीटवर आठवीतल्या एकानं त्याला ‘फ्लेवर हाय, ओढ’ म्हणून दिलं. घरी आला तो पांढराफटक, दारातच उलटी. मला वाटलं वडापाव बाधला. रात्री रडत रडत सांगितलं. शाळेत गेले तर उत्तर काय, ‘आम्ही त्या मुलाचं समुपदेशन करतोय.’ माझ्या लेकाचं काय? तो अजून रिक्षात बसायला घाबरतो. कलम 16 त्या पोराला आहे, माझ्या पोराला कुठलं कलम आहे?

मंगळवार पेठ
ताई बरोबर बोलल्या. आमच्या वेळी मास्तर छडी काढायचे, घरी सांगितलं तर बाप आणखी दोन द्यायचा. बिघडलं काय कुणाचं? तालमीत वस्ताद विडी दिसली तरी लंगोट काढून घ्यायचा. आता मारायचं नाही, बोलायचं नाही, काढायचं नाही. मग शाळेनं करायचं तरी काय, आरती ओवाळायची?

भूगोलाच्या बाई
दोन लेकरांची आई, तुमच्या लेकाला झालं ती निकोटिनची बाधा. पुन्हा असं दिसलं तर थेट दवाखान्यात न्या आणि काय ओढलं ते डॉक्टरांना सांगा. रिक्षात दोघांना वेगळं बसवणं, तुम्हाला लेखी उत्तर देणं हे शाळेचं काम होतं, ते झालं नाही हे चूकच. पण त्या आठवीतल्या पोराला ते कुणी विकलं, हे शाळेनं विचारलं का?

गणिताचे सर (निवृत्त)
विचारून करणार काय? ई-सिगरेटवर 2019 चा कायदा आहे. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात, सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरं म्हणतात ‘यात निकोटिन नाही, नुसता फ्लेवर’, तर कायद्यात निकोटिन असलेलं-नसलेलं दोन्ही धरलंय. कागद पक्का आहे. आणि शाळेच्या फाटकासमोरची टपरी? 2003 च्या तंबाखू कायद्यात शंभर यार्डांच्या आत विक्री नाही, अठराच्या आतल्याला विक्री नाही. ती हद्द दाखवणारी पिवळी पट्टी आम्हीच रंगवली. टपरी पट्टीच्या आत आहे ती आहेच.

उचगावकर
सर, टपरी कुणाच्या जिवावर चालतीय त्ये पण सांगा की. मधल्या सुट्टीत मावा मळून घ्यायला कोण उभं असतंय? माझ्या डोळ्यांनी बघितलंय, गालात मावा धरून वर्गात जाणारे मास्तर. पोरगं त्येच बघतंय नव्हं.

गणिताचे सर (निवृत्त)
अख्ख्या शिक्षकवर्गाला एका ओळीत बसवू नका. मी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात घातलं नाही.

उचगावकर
तुमचं नाव घेतलंय का मी?

शिक्षक, आजरा तालुका
घेतलं नाही, पण रोख कळला. आम्ही मतदार याद्या करायच्या, सर्वेक्षणं करायची, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवायचा, आणि आता दप्तरंही हुंगायची? मावा खाणारे शिक्षक आहेत, मान्य. पण ज्या घरात आजी सकाळी मिश्री लावते, बाप रात्री पुडी फोडतो आणि पोराला टपरीवर पैसे देऊन धाडतो, तिथलं पोरगं शाळेतूनच बिघडलं का? गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे. सकाळी कुठल्याही गल्लीत झाडू मारणाऱ्या बाईला विचारा, पुड्या किती निघतात.

उचगावकर
आजीची मिश्री काढू नका ओ. आमची आजी राबून मेली.

शिक्षक, आजरा तालुका
माझीही मिश्रीच लावायची. शेवटी तोंड उघडत नव्हतं तिचं. म्हणूनच बोलतोय.

मंगळवार पेठ
विषय वेपचा होता. मिश्रीवर आणि माव्यावर रात्र काढणार काय?

रंकाळा वेस
विषय सुटलेला नाही, उलट तिथंच आलाय. माझ्या धाकट्या भावाला नववीत गुटख्याच्या पुडीवरून दाखला दिला. नववी, म्हणजे आरटीईचाही आधार नाही. वडिलांनी हात जोडले, मुख्याध्यापकांनी मान वर केली नाही. वर्ष मध्येच, दुसरी शाळा घेईना. दिवसभर घरी, मग चौकात, मग तिथल्या मोठ्या पोरांत. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसला, गणितात राहिला. पुढं शिरोलीत फौंड्रीत लागला. गुटखा सुटला नाहीच, दारू जोडीला आली. ज्या पोरानं पुडी दिली होती तो त्याच शाळेत दहावी पास झाला, कारण तो सापडला नव्हता. दाखला देऊन शाळा स्वच्छ झाली असं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी येऊन आईला सांगावं.

आणि हे कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. त्या गावात आपण पोराला शाळेबाहेर काढा म्हणून अंगठे दाखवतोय.

मंगळवार पेठ
महाराजांना मध्ये आणलं की बोलणं संपतं, हे काय बरोबर नाही. भावाचं वाईट झालं, मान्य. पण दहा पोरांतलं एक वाचवताना बाकी नऊ बिघडली तर?

दोन लेकरांची आई
रंकाळा वेस, तुमच्या आईचं वाचून गलबललं. दाखल्याचा हट्ट मी सोडते. पण नुसतं ‘समुपदेशन’ म्हणून माझ्या तोंडावर दार लावायचं नाही. त्या पोराच्या आईबापाला बोलवा, त्याला वाटेत नजरेखाली ठेवा. नाव न घेता सगळ्या पालकांना कळवा की ही वस्तू अशी दिसते, शाळेत आलीय. लपवून ठेवलं तर पुढच्या वेळी मी थेट पोलिसांत जाणार.

भूगोलाच्या बाई
जा. विकणाऱ्याविरुद्ध जा, मी सोबत येते. पोराविरुद्ध नको. आणि मुलानं स्वतःहून वस्तू आणून दिली तर शिक्षा नाही, एवढं शाळेनं आधी जाहीर करावं. आज पोरं दाखल्याच्या भीतीनं मित्र चक्कर येऊन पडला तरी तोंड उघडत नाहीत. तंबाखू सोडवण्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, फुकट आहे. हा नंबर प्रत्येक वर्गशिक्षकाकडे असला पाहिजे.

मंगळवार पेठ
आणि दप्तर तपासणी? दर सोमवारी फाटकावर तपासा.

शिक्षक, आजरा तालुका
मुलींची दप्तरं सगळ्यांसमोर उपडी करणार? आठवीतल्या मुलीच्या दप्तरात काय काय असतं, तुमच्या घरात विचारा आधी.

मंगळवार पेठ
मुलींची बाईंनी तपासावीत, आत खोलीत. आवाज चढवू नका.

शिक्षक, आजरा तालुका
संशय असेल तर, एकट्याचं, पालकांसमोर. सरसकट नाही.

गणिताचे सर (निवृत्त)
टपरीचा अर्ज मी लिहून ठेवलाय. शंभर यार्ड म्हणजे 91 मीटर, टेप लावून मोजलंय. शनिवारी पालक सभेला आणतो. शिक्षकांच्याही सह्या पाहिजेत, मावा खाणाऱ्यांच्यासुद्धा.

उचगावकर
आता बोललासा सर. येतो मी. पण अर्जात वेपचं नाव घाला, नुसतं तंबाखू लिवलं तर टपरीवाला म्हणणार, ह्ये तंबाखू न्हाईच.

मंगळवार पेठ
सही करतो. सरसकट तपासणीचा मुद्दा मात्र सभेत पुन्हा काढणार.