मदत हवी आहे: काळ्या वाळूतलं इल्मेनाइट घरी वेगळं कसं करायचं?
भाचीला 'मूलद्रव्यं निसर्गात कशी सापडतात' यावर प्रकल्प करायचाय. सोनं बहुतेकदा सुटं मिळतं, टायटॅनियम मात्र कायम ऑक्सिजनला चिकटलेलं. ते दाखवायला रत्नागिरीच्या काळबादेवी किनाऱ्यावरची मूठभर काळी वाळू आणलीये (नुसती चित्रं चिकटवण्यापेक्षा हे बरं!). या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन, सोबत मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकाला चटकन चिकटणारं खनिजही.

वाळू धुऊन वाळवली. कागदाखालून साधा लोहचुंबक फिरवला की काही कण झुपकन उभे राहतात, ते मॅग्नेटाइट असणार. बाकीचे काळे कण ढिम्म! इल्मेनाइट क्षीण चुंबकीय असतं, मग निओडिमियमचा (साध्यापेक्षा खूप जोरदार) चुंबक आणावा का? की कण ओळखायची दुसरी सोपी खूण आहे? आम्ल वगैरे नको, पोरगी आठवीतली आहे. सोमवारी शाळेत द्यायचंय.