मदत हवी आहे: आउटबोर्डचं स्टिअरिंग जाम झालंय, केबलला वंगण कुठून द्यायचं?

नमस्कार मंडळी,

बोट लहान आहे, मागे आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावलेलं इंजिन), स्टिअरिंग हायड्रॉलिक नाही, साधं केबलचं. बोट बरेच दिवस पाण्याबाहेर होती, आणि आता चाक फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागतोय. इंजिनाकडच्या आडव्या नळीच्या, म्हणजे टिल्ट ट्यूबच्या, निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीस गन लावून पाहिली. थोडं ग्रीस आत गेलं, बाकीचं निपलच्या कडेने बाहेर आलं. फरक शून्य.

ट्यूबमधून आत-बाहेर होणारा केबलचा स्टीलचा दांडा नीट पाहिला. मधला भाग चकचकीत आहे, त्याच्या पुढे तपकिरी खडबडीत थर. नखाने खरवडला की खपली निघते. जुनं ग्रीस आहे की गंज, सांगता येत नाही.

केबल चाकाकडून सोडवून तिच्या आवरणात वरून तेल ओत, असं एकाने सुचवलंय. त्याने काही होतं का? की सरळ नवीन केबल घालू? डॅशखाली उलटं झोपायचं जिवावर आलंय, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद १

केबलवर आळ घेण्याआधी अडकतंय कुठे ते बघा. दांडा आणि इंजिन जोडणारा लिंक रॉड सोडवा आणि इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकला. जड गेलं तर दोष केबलचा नाही. इंजिन ज्यावर वळतं त्या स्विव्हल ब्रॅकेटला ग्रीस हवंय, त्याचे निपल वेगळे असतात. इंजिन हलकं आणि चाक तरीही घट्ट असेल, तर पुढे बोलू.

धागाकर्ता

सोडवून पाहिलं. इंजिन एका हाताने सहज फिरतंय, चाक होतं तसंच घट्ट.

प्रतिसाद १

मग केबलचा मोठा नट सोडवून दांडा ट्यूबमधून पूर्ण बाहेर काढा. निघत नसेल तर दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोका. हातोडी थेट दांड्यावर नको, टोक पसरलं की ते ट्यूबमधून जाणारच नाही. ब्लो लॅम्प तर अजिबात नको, शेजारी पेट्रोल आहे.

दांडा बाहेर असताना चाक फिरवा. हलकं फिरलं तर केबल शाबूत, घाण ट्यूबमध्ये आहे. तरीही घट्ट असेल तर बिघाड केबलच्या आत किंवा चाकामागच्या गिअरमध्ये.

तेल ओतण्याचं म्हणाल, तर माझं मत नाही असंच. आतल्या तारेला कारखान्यातच वंगण भरलेलं असतं, वरून ओतलेलं पातळ तेल ते धुऊन काढतं. आत पाणी शिरून गंज धरला असेल तर तेलाने तो जात नाही, चार दिवस बरं वाटतं एवढंच. आवरण कुठे फुगलंय किंवा चिरलंय का ते हाताने चाचपत जा. सापडलं तर केबल बदला, तिथे काटकसर नको. भर वेगात स्टिअरिंग अडकलं तर बोट वळवणार कशाने? नवीन आणताना जुन्या आवरणावर छापलेली लांबी बघून घ्या, आणि बसवताना वळणं मोठी ठेवा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एक भर: लिंक रॉडचे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) परत वापरू नका, नवेच घाला. साधा नट तिथे कंपनाने ढिला होतो.

धागाकर्ता

दांडा निघाला! बाहेर असताना चाक अगदी हलकं फिरतंय. ट्यूबमधून खडूसारखा कोरडा गाळ निघाला. आता भरपूर ग्रीस कोंबून बसवू का?

प्रतिसाद १

कोंबू नका. आधी तारेचा गोल ब्रश ट्यूबच्या आरपार फिरवा, मग चिंधीने कोरडी करा. दांड्यावरचा थर पॉलिश पेपरने काढा. खड्डे पडलेले दिसले तर ती केबल फार टिकणार नाही. नंतर दांड्याला खाऱ्या पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस सारखं चोपडून बसवा.

यापुढे निपलमधून ग्रीस द्यायचं ते दांडा पूर्ण आत घेऊनच. तो बाहेर असताना ट्यूब भरली तर परत आत येताना ग्रीसला जायला वाट नसते आणि स्टिअरिंग तिथेच अडकतं. बोट उभी करून ठेवतानाही दांडा पुसून आत घ्या, उघडा राहिला की त्यावर मीठ बसतं. आणि निपलच्या कडेने ग्रीस येतंय म्हणालात ना, तो निपल बुजलाय. काढून साफ करा, नाहीतर बदला.