रेम्ब्रांटची झोपलेली तरुणी: छाया रेषेत की वॉशमध्ये?

बोरू: सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचं १६५४च्या सुमाराचं झोपलेल्या तरुणीचं चित्र (ब्रिटिश म्युझियम, लंडन) तपकिरी शाईत, ब्रशने काढलेलं आहे. कागद जेमतेम २४.६ × २०.३ सेंमी. माझ्या मते यातली छाया रेषेतच आहे. झग्याच्या घड्या बघा. फटकारा भरल्या ब्रशने सुरू होतो, पुढे शाई सरते आणि कागदाचा दाणा उघडा पडतो. गडद आणि उजेड एकाच फटकाऱ्यात! डोक्यामागचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा थर, नुसती जोड आहे.

जलरंगी: अजिबात पटलं नाही. चित्राची प्रिंट घ्या आणि तो वॉश कागदाच्या कपट्याने झाका. डोकं लगेच सपाट होतं. कपाळावरचा उजेड म्हणजे कोरा कागद. शेजारी गडद आहे म्हणूनच तो उजळतो. नुसत्या रेषेने हे होत नाही.

बोरू: डोक्यापुरतं मान्य. पण वॉश खोलीतला अंधार सांगतो, शरीराचा भार नाही. हातावर टेकलेलं डोकं, सैल पडलेला खांदा हे सगळं फटकाऱ्याच्या जाडीतून येतं. अंगावर वॉश फिरवला असता तर ही झोपच हरवली असती.

शाईदौत: नक्कल करून बघा, वाद निम्मा होईल. ८ नंबरचा गोल ब्रश, न पसरणारा खरबरीत कागद. सायझिंग, म्हणजे खळ, नसलेल्या हँडमेड कागदावर शाई फुटते, कोरडा फटकारा मिळतच नाही. ब्रश शाईत बुडवून फडक्यावर एकदा टिपा, मग खांद्यापासून हात हलवून एका दमात ओढा. फटकारा चुकला तर नवा कागद घ्या. गिरवलात की दाणा भरतो आणि उजेड जातो. वॉशला एक भाग शाई, चार-पाच भाग पाणी. पाण्यात विरघळणारी शाई असेल तर वॉश रेषेच्या कडेशी थांबवा, नाहीतर रेषा वाहते. अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावू नका, कडेला डाग धरतो.

आणि जुन्या चित्रातली प्रत्येक तपकिरी शाई लाकडाच्या काजळीची, म्हणजे बिस्टर, नसते. मायफळ आणि हिराकस यांची काळी शाईसुद्धा काळाने तपकिरी पडते, वर कागद खाते. त्यामुळे आज दिसणारा गडद-फिक्याचा फरक मूळचाच आहे असं धरून चालू नका.

जलरंगी: हे बरोबर. तरी वॉशचा मुद्दा मी सोडत नाही. नक्कल करताना बहुतेक जण आधी सगळीकडे सारखी बाह्यरेषा काढतात आणि मग आत वॉश भरतात. इथे वॉश आकृतीच्या बाहेर आहे. तो आधी ठरवला नाही, तर कपाळ कुठे कोरं सोडायचं हे ब्रशला कळणार कसं?